टेकडीवरचे नारिंगी खांब

सांता लुसेरो गावातल्या माणसांची मनं फार मोठी. ती त्यांनी अंगणात पाट्या लावून जाहीर केली होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीत अख्ख्या कॅलिफोर्नियाला एक प्रश्न विचारला गेला होता: राज्याने रोखे काढून कर्ज उभारावं आणि त्या पैशातून कॉलेजच्या मुलांसाठी वसतिगृहं बांधावीत, हे मान्य आहे का? सांता लुसेरोच्या टेकडीवर दर दुसऱ्या अंगणात गुलाबांच्या मधोमध निळी पाटी उभी राहिली: ‘आमच्या मुलांना छप्पर द्या. रोख्यांना होय म्हणा.’ गावातल्या शंभरातल्या एकाहत्तर मतदारांनी होय म्हटलं. मग शर्टावर ‘मी मत दिलं’चं चिकटपत्र मिरवत मंडळी कॉफी प्यायला गेली, आणि दुसऱ्या दिवशी पाट्या कचऱ्याच्या डब्याशेजारी येऊन पडल्या.

यारेली कासारेसने त्यातल्या पाच उचलल्या. ती तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि ग्रंथालयामागच्या वाहनतळावर आपल्या जुन्या टोयोटात राहत होती. घर आतल्या खोऱ्यात, अडीच तासांवर. बाप टोमॅटोचा ट्रक चालवायचा. सांता लुसेरोत एका खोलीचं भाडं त्याच्या पगाराहून जास्त होतं. पाट्या पोकळ प्लास्टिकच्या, हलक्या आणि बळकट. यारेलीने त्या गाडीच्या काचांच्या मापाने कापल्या आणि आतून बसवल्या. बाहेरचा उजेड येईना, कुणाला आतलं दिसेना, थंडीही कमी वाजायला लागली. मतदारांनी दिलेलं छप्पर तिला मिळालं ते असं.

राज्याने मात्र शब्द पाळला. वसंतात कळलं की गावच्या कॉलेजला दोनशे बारा खाटांच्या वसतिगृहाचे पैसे मंजूर झालेत. अट एकच, तीस जूनच्या आत जागा पक्की झाली पाहिजे. नाहीतर पैसे यादीतल्या पुढच्या कॉलेजला जातील. जागा होती टेकडीच्या पायथ्याशी, नगरपालिकेच्या बंद पडलेल्या रोपवाटिकेची. म्हणजे निर्णय नगरपरिषदेचा. कॉलेजने गाडीत राहणाऱ्या मुलांची यादी केली, त्यात यारेलीचा नंबर चौतिसावा लागला. इमारत तयार खोल्या ट्रकवरून आणून एकावर एक रचून व्हायची होती, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत उभी राहणार होती. यारेली यादीचा कागद गाडीत आरशामागे खोचून ठेवायची. पैसे परत गेले तर ती पुढच्या वर्षी कॉलेजला येणार नव्हती. गाडीतली दुसरी थंडी काढायची तिची तयारी होती. तिसरी काढायची नव्हती, आणि आईला ते तिने सांगूनही टाकलं होतं.

नगरपरिषदेच्या कार्यालयात ती अर्धवेळ काम करायची. नगरसचिव लिओनोर इबारा ही तिची वरिष्ठ, साठीला टेकलेली, शिस्तीची बाई. यारेलीने सभेच्या कागदांच्या प्रती काढायच्या आणि सभेत वेळेचा दिवा चालवायचा. प्रत्येक नागरिकाला बोलायला दोन मिनिटं. आधी हिरवा दिवा, शेवटच्या अर्ध्या मिनिटाला पिवळा, मग लाल आणि भोंगा. पहिल्याच दिवशी लिओनोरने बजावलं होतं, "पोरी, या टेबलामागे बसलं की आपण भिंत. भिंतीला कान असतात, तोंड नसतं."

टेकडीवर मात्र तोंडांना तोटा नव्हता. वसतिगृह कुठेतरी व्हावं असं सगळ्यांचंच मत होतं. ते ‘कुठेतरी’ आपल्या दारात येतंय म्हटल्यावर एका आठवड्यात रहिवासी संघाची बैठक झाली. संघाच्या अध्यक्षा कॉर्डेलिया हेवरस्टॉक. निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरे कापलेले केस, गळ्यात मोठाले लाकडी मणी. नोव्हेंबरात पाट्या छापून घेणारी हीच, आणि ग्रंथालयामागे ‘रात्री दहा ते सहा गाडी उभी करू नये’ असा फलक पालिकेकडून लावून घेणारीही हीच. दोन्ही कामं तिने एकाच कळवळ्याने केली होती. फलक लागल्यापासून यारेली रात्री दहाला गाडी चर्चमागे न्यायची आणि सकाळी सहाला परत आणायची.

सांता लुसेरोत कुणालाही काही बांधायचं असेल तर आधी उंचीचे खांब उभारावे लागतात. इमारत जेवढी उंच, तेवढे उंच लाकडी खांब, वर कडेने नारिंगी जाळी. सुनावणीआधी दहा दिवस ते तसेच ठेवायचे, म्हणजे शेजाऱ्यांना कळावं की आपल्या डोळ्यांसमोर काय येणार आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात टेकडीवरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना समुद्राच्या निळ्या पट्टीवर नारिंगी जाळी फडफडताना दिसली आणि गावावर दुःखाचा डोंगर कोसळला. लोक गाड्या थांबवून फोटो काढायला लागले. एक बाई म्हणे तिथेच गवतावर बसून रडली. त्या बाईंच्या बागेत तीन वर्षांपूर्वी पोहण्याचा तलाव खणला तेव्हा सहा महिने दगड फोडण्याचा आवाज चालू होता, आणि तेव्हा शेजारी रडले होते, पण ते सोडा.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरून वाहत होतं. सहाला सभा सुरू झाली. नगराध्यक्ष हॅल ब्रॅनिगन यांनी झेंडावंदन उरकलं आणि बिनचर्चेची यादी पुकारली. ही यादी म्हणजे किरकोळ कामांची मोट: गटाराची दुरुस्ती, दिव्याचे खांब, कुणाच्या घराची वाढीव खोली. सगळी मिळून एका हात वर करण्यात मंजूर होतात, वाचत कुणीच नाही. चार-अ, चार-ब, चार-क, चार-ड. "हरकत?" कुणाचीच नव्हती. लोक खुर्च्या पकडण्यात गुंतले होते. सहा वाजून पाच मिनिटांनी यादी मंजूर झाली.

मग वसतिगृहाचा विषय निघाला आणि एक्केचाळीस नागरिकांनी बोलण्यासाठी पिवळी कार्डं भरून दिली.

यारेलीने हिरवा दिवा लावायचा आणि ऐकायचं. पहिला गृहस्थ म्हणाला, माझा विद्यार्थ्यांना विरोध नाही, मी स्वतः रोख्यांना मत दिलं, पण. दुसरी म्हणाली, मीही एकेकाळी विद्यार्थिनी होते, पण. तिसऱ्याला ससाण्यांची काळजी होती. चौथ्याला सावलीची, त्याच्या अंगणातल्या चेरी टोमॅटोंना दुपारी चारनंतर ऊन मिळणार नव्हतं. टोमॅटोचं नाव निघाल्यावर यारेलीला बाप आठवला. तिने कागदाच्या कोपऱ्यात प्रत्येक ‘पण’साठी एक रेघ मारायला सुरुवात केली. सव्वासातपर्यंत सव्वीस रेघा झाल्या. खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे असतात हे तिला ठाऊक होतं, पण इतके स्वच्छ घासलेले दोन्ही जबडे तिने एका जागी पाहिले नव्हते. तिला राग येत नव्हता, किळस येत होती.

कॉर्डेलियाबाई आल्या त्या मोठा फोटो घेऊन. दारापेक्षा थोडासाच लहान. समुद्र, आकाश आणि त्यावर उभी आडवी नारिंगी जाळी. त्यांनी तो फोटो धरायला दोन माणसं उभी केली होती. "हे बघा," त्या म्हणाल्या, आणि आवाज बरोबर जागच्या जागी कापला. "आम्ही छप्पर द्या म्हटलं होतं. आमचा समुद्र घ्या असं नव्हतं म्हटलं."

टाळ्या पडल्या. यारेलीने पिवळा दिवा लावला, आणि तेव्हा तिची नजर फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर गेली. खांबाच्या बुडाशी लिंबाचं झाड होतं आणि त्याखाली पक्ष्यांसाठी पाण्याचं निळं भांडं.

ते भांडं तिने अकरा वेळा पाहिलं होतं. अकरा प्रतींत. विषय चार-क, डॉक्टर विन्स्लो ट्रास्क, टेकडीवरचं सातवं घर, मागच्या अंगणात दुमजली पाहुणेघर. अर्जासोबत अंगणाचा फोटो होता, त्यात लिंब आणि निळं भांडं. रोपवाटिका त्याच अंगणाच्या खाली, खोलगट जागेत, निलगिरीच्या झाडांमागे. तिथेही खांब होते, पण ते बघायला काटेरी झुडपांतून खाली उतरावं लागलं असतं, आणि तेवढे कष्ट टेकडीवरच्या एकालाही झेपले नव्हते. कोऱ्या मनाने रस्त्यावरून जाताना जे दिसलं ते वसतिगृहच असणार असं सगळ्यांनी धरलं. पालिकेची दोन पत्रं एकाच आठवड्यात प्रत्येक घरी गेली होती, एक वसतिगृहाचं, एक ट्रास्कच्या पाहुणेघराचं. पाकिटं सारखीच. दुसरं कुणी फोडलंच नव्हतं.

आणि ट्रास्क सभागृहात होता. निवृत्त दंतवैद्य, तिसऱ्या रांगेत, मांडीवर टोपी. त्याच्या खांबांना लोक दीड तास शिव्या घालत होते आणि हा गृहस्थ मान डोलावत होता. कॉर्डेलियाबाईंना टाळ्या वाजवणाऱ्यांत तो पहिला होता.

यारेलीने चिठ्ठी लिहून लिओनोरपुढे सरकवली. लिओनोरने वाचली, फोटोकडे बघितलं, आणि चिठ्ठी नगररचना अधिकाऱ्याकडे सरकवली. त्याने ती वाचून घडी केली आणि खाली वाकून कुजबुजला की मला कुणी विचारलेलं नाही. पगारी माणूस, त्याचंही बरोबरच होतं.

लिओनोर हळू आवाजात म्हणाली, "भिंत, पोरी."

यारेलीने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग एक पिवळं कार्ड घेऊन भरलं. नाव लिहिलं. पत्त्याच्या रकान्यात ‘ग्रंथालयामागे’ लिहिलं. कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं आणि जाऊन शेवटच्या माणसांच्या मागे उभी राहिली. लिओनोर ओळखपत्राकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने दिव्याची पेटी स्वतःकडे ओढून घेतली.

शेवटचं कार्ड वाचताना लिओनोरचा आवाज नेहमीसारखाच होता. "यारेली कासारेस. दोन मिनिटं."

ब्रॅनिगन चमकला. "ही आपल्याकडची मुलगी ना? बेटा, इथे फक्त गावातल्या रहिवाशांनी बोलायचं असतं. तू राहतेस कुठे?"

"ग्रंथालयामागे. टोयोटात," यारेली म्हणाली.

मग कुणीतरी "अरेरे" केलं, आणि मागून टाळ्या सुरू झाल्या. बघता बघता सगळे टाळ्या वाजवायला लागले. कॉर्डेलियाबाईंनी छातीवर हात ठेवला. यारेली थांबून राहिली. तिला पक्कं ठाऊक होतं की या टाळ्या वाजवून झाल्या की हीच माणसं पुन्हा नाहीच म्हणणार. कुणाचं तरी दुःख समोर उभं राहिलं की त्याला टाळी द्यायची आणि मोकळं व्हायचं, ही त्यांची रीत. गाडीतल्या पोरीची दया सगळ्यांना आली, आणि ती येऊन एकाचंही मत तसूभर हललं नाही.

टाळ्या संपल्यावर ती म्हणाली, "तुमच्या फोटोतले खांब वसतिगृहाचे नाहीत. ते चार-क विषयाचे आहेत. डॉक्टर ट्रास्क यांच्या पाहुणेघराचे. ते तुम्ही सगळ्यांनी सहा वाजून पाच मिनिटांनी मंजूर केलं. लिंबाखाली निळं भांडं आहे, बघून घ्या. वसतिगृहाचे खांब खाली झाडांत आहेत. रस्त्यावरून ते दिसत नाहीत."

तिचं अजून सव्वा मिनिट शिल्लक होतं. ती जागेवर जाऊन बसली.

फोटो धरणाऱ्या दोघांनी तो स्वतःकडे वळवून पाहिला. सव्वातीनशे माणसांनी एकदम तिसऱ्या रांगेकडे वळायचा आवाज मोठा असतो. कॉर्डेलियाबाई तिसऱ्या रांगेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"विन्स्लो."

"सासूबाईंसाठी खोली आहे, कॉर्डेलिया," ट्रास्क टोपी फिरवत म्हणाला. "त्यांना जिना चढवत नाही."

"दुमजली खोली? तुझ्या सासूच्या अंत्यविधीला फुलं मी पाठवली होती. नऊ वर्षं झाली."

कुणी हसलं नाही. टेकडीला आता खरा राग आला होता. दोनशे बारा अनोळखी पोरांचा राग तात्त्विक होता, हा घरचा होता. लोकांनी ओरडून मागणी केली की चार-क रद्द करा. लिओनोरने नियमाचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं: बिनचर्चेच्या यादीतल्या विषयावर आधी लेखी हरकत नोंदवली असेल तरच फेरविचार मागता येतो. चार-कवर हरकती शून्य. भिंतीला तोंड नव्हतं, पण पुस्तक होतं, आणि तिने ते फार सावकाश वाचलं.

कॉर्डेलियाबाई जागेवर जाऊन बसल्या. पाच मिनिटं त्या वसतिगृहाच्या पत्रासोबत आलेले आराखडे चाळत होत्या. त्यांची बोलण्याची पाळी होऊन गेली होती, पण टोमॅटोवाल्याने आपली उरलेली वेळ त्यांना देऊन टाकली. असं देता येतं. त्या माइकपाशी आल्या आणि कॉलेजच्या वास्तुरचनाकाराला विचारलं की तुमचे दोन आराखडे होते ना? होते. एक लांबट, तीन मजली, झाडांच्या आत लपणारा. आणि दुसरा? दुसरा चार मजली, पूर्वेच्या कोपऱ्यात आटोपशीर.

"चार मजल्यांनी समुद्र कुणाचा अडतो?"

वास्तुरचनाकाराने नकाशा उलटसुलट केला. "एकाच घराचा. सातव्या. त्यांच्या नव्या पाहुणेघराच्या खिडक्या बरोबर समोर येतात."

कॉर्डेलियाबाईंनी मणी सारखे केले. "आमच्या संघाचा," त्या म्हणाल्या, "विद्यार्थ्यांच्या घरांना पहिल्यापासून पाठिंबा आहे. तो कोपऱ्यातलाच आराखडा मंजूर व्हावा. आजच."

त्यात ‘पण’ नव्हता. संध्याकाळभरातलं हे पहिलं असं वाक्य, आणि तेही दयेतून निघालं नव्हतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं जगात पुष्कळ, टेकडीवरच्यांना तर कापायला दुसऱ्याचंच नाक मिळालं होतं. एक्केचाळीसातले तीसजण माना डोलावत होते. ससाण्यांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. चार विरुद्ध एक मतांनी ठराव पास झाला. विरोधातलं मत ब्रॅनिगनचं. तो आणि ट्रास्क दर शनिवारी गोल्फ खेळतात.

सभा संपल्यावर यारेली टेबलापाशी गेली. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, पण एक विचारायचं राहिलं होतं. "हे घर मला कुणी दिलं, लिओनोरबाई? मतदारांनी की दंतवैद्याच्या सासूने?"

लिओनोर कार्डांना रबर लावत होती. "मिळालं ना? मग घे," ती म्हणाली. ओळखपत्र मात्र तिने परत दिलं नाही. नियम मोडला होता. दुसऱ्या दिवशी तिने यारेलीला नोकरीवरून कमी केल्याचं पत्र दिलं आणि सोबत ग्रंथालयातल्या नोकरीसाठी शिफारसपत्र. दोन्हींवर सही एकच होती.

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी वसतिगृह उघडलं. यारेलीला चौथ्या मजल्यावरची चारशे सात नंबरची खोली मिळाली. खिडकीसमोर वीस पावलांवर ट्रास्कचं पाहुणेघर, पडदे बंद. कॉलेजच्या फळ्यावर त्याची जाहिरात लागली होती: शांत, एकट्या विद्यार्थिनीसाठी खोली, स्वयंपाक चालणार नाही, समुद्र पूर्वी दिसायचा. शेवटचे तीन शब्द कुणीतरी पेनाने लिहिले होते.

खाली दारात रहिवासी संघाने लिंबू सरबताचं टेबल मांडलं होतं. कॉर्डेलियाबाई प्रत्येक मुलाला स्वतः पेला देत होत्या आणि सांगत होत्या की हे घर आम्ही तुमच्यासाठी मत देऊन बांधलंय. यारेलीला त्यांनी ओळखलं नाही. तिलाही पेला मिळाला आणि तेच वाक्य मिळालं. ती गाडी रिकामी करायला लागली. गाद्या, भांडी, पुस्तकं, आणि शेवटी काचांतल्या पाट्या.

"अगं, या तर आमच्या!" कॉर्डेलियाबाई सरबत ठेवून आल्या. "कुठे मिळाल्या तुला? नोव्हेंबरात नवे रोखे येताहेत, पुन्हा कॉलेजांसाठीच. छापखान्याने दर दुप्पट केलाय. मला हव्यातच."

"घ्या," यारेली म्हणाली.

बाईंनी पहिली पाटी उलटी केली. एका बाजूला गोलाई होती, दुसरीकडे तिरका काप. "या अशा कुणी कापल्या?"

"मी. काचांच्या मापाने. एकवीस महिने झोपले मी यांच्या आड."

कॉर्डेलियाबाईंचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्या म्हणाल्या, "किती कल्पक आहेस गं," आणि तिच्या दंडावर थोपटलं. मग खाली वाकून त्यांनी पाचही पाट्या गवतावर ओळीने मांडल्या आणि त्यातली एखादी अंगणात लावण्यासारखी आहे का, ते बघू लागल्या. एकीवर ‘मुलांना छ’ होतं. एकीवर नुसतं ‘होय म्ह’. यारेली उशी काखेत मारून जिन्याकडे गेली. वरच्या वळणावरून तिने खाली पाहिलं तेव्हा बाई अजून तुकडे जुळवत होत्या, आणि एकाही पाटीवर पूर्ण वाक्य उरलेलं नव्हतं.